वसतिगृहाची नोंदवही कुणाकडे आहे?

गेल्या जून महिन्यातली गोष्ट आहे. नेकनूरला बाजाराचा दिवस होता. जनावरांच्या बाजारासाठी नेकनूर बीड जिल्ह्यात प्रसिद्ध आहे, त्यामुळे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीतून वाट काढत एक ऊसतोड कामगार भगिनी आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. मुलगी बारावी विज्ञान शाखेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, तेथील महाविद्यालयात तिचा प्रवेश निश्चित झालेला. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. प्रतिज्ञापत्र झाले, कागदपत्रे लावून झाली आणि उठता उठता त्या माउलीने विचारले, "वकीलदादा, कागद तुमी करून दिले. पन तिथं आपलं कोण हाय?"

आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "ताई, आम्ही तिथंच शिकलो. नागसेनवनात राहून शिकलो. तिथं आपली माणसंच माणसं आहेत."

रात्री जुनी डायरी काढली. वसतिगृहातल्या सोबत्यांची सव्वीस नावे त्यात होती. नावापुढे गाव आणि कुणाकुणाचा पी. पी. नंबर, म्हणजे शेजारच्या किराणा दुकानाचा नाहीतर एसटीडी बूथचा. त्या काळी आमच्यापैकी कुणाच्या घरी फोन नव्हता. आज ते नंबर कुठेच लागत नाहीत. मोबाइलमध्ये शोधले तर सव्वीसपैकी तिघे सापडले. पहिला नंबर बंद होता. दुसरा लागला, पण पलीकडून वहिनी बोलल्या. ज्या मित्रासोबत आम्ही एका डब्यात जेवलो, ज्याने आमची परीक्षा फी भरण्यासाठी स्वतःची सायकल विकली, तो दोन वर्षांपूर्वीच गेला होता. वहिनी म्हणाल्या, "तुमचं नाव ते नेहमी घ्यायचे. पण तुमचा नंबर घरात कुणाकडंच नव्हता." आम्ही काय बोलणार? त्याच्या पुण्यानुमोदनालाही आम्ही नव्हतो.

तिसरा नंबर लागला. हा मित्र संभाजीनगरलाच नोकरीला आहे. तासाभरात त्याचा उलट फोन आला. शासकीय वसतिगृहाची यादी लागेपर्यंत मुलगी त्याच्या घरी, त्याच्या लेकीच्या खोलीत राहिली. धागा एकच उरला होता, त्या एका धाग्याने काम झाले. बाकीचे धागे शाबूत असते तर नेकनूर परिसरातल्या किती मुलामुलींचे काम झाले असते? हा प्रश्न एकट्या आमचा नाही, म्हणून येथे मांडत आहोत.

त्यांची शाळा आणि आपले वसतिगृह

पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात १९९७ साली महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. अनेक देशांतली मुले तेथे दोन वर्षे एकत्र राहून शिकतात. या मालिकेतले पहिले कॉलेज १९६२ मध्ये वेल्समध्ये निघाले. पाचगणीला तर इंग्रजांच्या काळापासून निवासी शाळा आहेत. अशा शाळेतून बाहेर पडलेला मुलगा लंडनला जावो की न्यूयॉर्कला, त्या शहरात आपल्या शाळेचे कोण आहे हे त्याला शोधून काढता येते. विद्यापीठाचा अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय विचारतात, भाड्याचे घर कुठे मिळेल, ही सगळी माहिती त्याला ओळखीतून मिळते. अशा शाळेत मूल घालणारा पालक नुसते गणित आणि इंग्रजी विकत घेत नसतो. तो लेकरासाठी आयुष्यभराची माणसे घेत असतो. आम्हाला त्यांचा हेवा नाही. ते जे करतात त्यातून शिकायचे आहे.

खरे तर प्रस्थापितांना ही ओळख शाळेतून मिळाली नाही तरी चालते. त्यांच्याकडे भावकी आहे, सोयरेधायरे आहेत, साखर कारखाना आहे, पतपेढी आहे. आपल्या मुलाकडे काय आहे? दिवाळीच्या सुमारास बाप मुकादमाची उचल घेऊन कारखान्यावर जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. वारसाहक्कात त्याला कोयता मिळतो. अशा मुलाला आयुष्यात पहिल्यांदा गावाबाहेरची आपली माणसे भेटतात ती वसतिगृहात. वसतिगृहातली ओळख हेच त्याचे पहिले भांडवल. आणि तेच आपण उधळून टाकले आहे.

बाबासाहेब : एक माजी विद्यार्थी

आपण बाबासाहेबांना घटनाकार म्हणून ओळखतो, धम्मक्रांतीचे प्रवर्तक म्हणून वंदन करतो. पण 'माजी विद्यार्थी' म्हणून बाबासाहेब कसे वागले, हे आपण कधी पाहिले आहे काय?

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्यासोबत राहिला. खोलीसोबत्याची ही ओळख खोली सोडल्यावर संपली नाही. १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक पुरेशी नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. लंडनमध्ये हात तंगीत आला तेव्हाही बाबासाहेबांनी याच मित्राला पत्रे लिहिली. ती पत्रे आज प्रसिद्ध झालेली आहेत. बॅरिस्टर आणि डी.एस्सी. या पदव्यांमागे बाबासाहेबांची अफाट मेहनत आहे. त्या मेहनतीला टिकून राहायला जी मदत लागली, त्यात वसतिगृहातल्या एका सोबत्याचा वाटा आहे.

शिक्षकांशीही तेच. कोलंबियातील प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापकांना आपल्या या विद्यार्थ्याविषयी शिफारसपत्र दिले. पुढे १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ निघाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच होती. १९३० मध्ये बाबासाहेब गोलमेज परिषदेला गेले तेव्हा कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाने त्यांची दखल घेतली. आयुष्यातले आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही वर्गमित्र आणि तेथील थोर प्राध्यापक, अशा आशयाचे बाबासाहेबांचे उद्गार त्यात छापले गेले. आणि जून १९५२ मध्ये सन्मानाची डॉक्टरेट स्वीकारण्यासाठी ते न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा वाटेतच प्राध्यापक जॉन ड्युई गेल्याची बातमी त्यांना कळली. भेट अवघ्या काही दिवसांनी हुकली. आपले सारे बौद्धिक जीवन या माणसाचे ऋणी आहे, असे त्यांनी माईसाहेबांना पत्रातून कळवले.

देशाचा माजी कायदामंत्री, संविधानाचा शिल्पकार, वयाची साठी ओलांडलेला. त्याला आपल्या मास्तरांची भेट हुकल्याचे दुःख होते. आणि आपण? आपल्या खोलीसोबत्याच्या मृत्यूची बातमी आपल्याला दोन वर्षांनी, तीही स्वतःची गरज पडली म्हणून कळते.

नागसेनवनाने काय दिले

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद या नावाने गाजलेले महाविद्यालय सुरू झाले. इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली. म. भि. चिटणीस पहिले प्राचार्य झाले. निजामी राजवट संपून तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि मराठवाडा विद्यापीठ निघायला १९५८ साल उजाडायचे होते. अशा मुलखात बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले आणि त्याच्या शेजारी वसतिगृह काढले. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादच्या खेड्यांतून येणाऱ्या पोराला राहायला जागा नसेल तर महाविद्यालयाचा दरवाजा उघडा असूनही त्याच्यासाठी तो बंदच आहे, हे त्यांना ठाऊक होते.

महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. परिसराला नाव दिले नागसेनवन. भन्ते नागसेनांनी या परदेशी राजाच्या प्रश्नांना उत्तरे दिली. जगाशी बोलणारे शिक्षण हवे, हा संदेश त्या दोन नावांतच आहे. पुढे याच मिलिंदमध्ये अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे प्राचार्य झाले आणि त्यांनी तेथील काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख आपल्या पोरांना करून दिली. प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली 'अस्मितादर्श' उभे राहिले. नियतकालिक म्हणून त्याचे मोल मोठे आहेच. पण आमच्या मते त्याने आणखी एक काम केले. गावोगावी मास्तर, कारकून, ग्रामसेवक होऊन विखुरलेल्या पोरांना त्याने एका धाग्यात धरून ठेवले. साहित्य मेळाव्याला येणारा माणूस कविता ऐकायला यायचा आणि जुना सोबती भेटतो का, हेही बघायला यायचा.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठ नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. त्या दिवसांत ज्याचे गावचे घर जळाले त्याला खोलीत घेणारा, आपल्या ताटातली भाकर देणारा सोबती वसतिगृहातच होता. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत जो लढा चालला, त्यातले कितीतरी कार्यकर्ते एकमेकांना सभेत भेटण्याआधी वसतिगृहाच्या मेसमध्ये भेटलेले होते. चळवळ भाषणांवर चालते तशी ती ओळखीवरही चालते.

धागा तुटला कसा?

आपल्याकडे या विषयावर बोलणे निघाले की एक ठरलेले भाषण होते. शिकलेला माणूस समाजाला विसरला, बंगल्यात बसला, साहेब झाला. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, तिचा दाखला दिला जातो. ती खंत खरी होती आणि आजही ती आपल्याला टोचली पाहिजे. पण प्रत्येकाला गद्दार ठरवून आपण मोकळे होतो, हे आम्हाला पटत नाही. आम्ही स्वतः तरी काय केले? त्या मित्राला आम्ही विसरलो नव्हतो. फक्त फोन केला नव्हता.

काही माणसे बदलीवर बदली होऊन परराज्यात गेली. काहींनी शहरात घर भाड्याने मिळावे म्हणून आडनाव बदलले. 'आडनाव काय?' या एका प्रश्नाने घरमालकाचा चेहरा कसा बदलतो, हे ज्याने भोगले आहे त्याला दोष देण्याआधी आपण थांबले पाहिजे. काही जण नापास झाले, शिक्षण सोडून गावी परतले, आज उसाच्या फडात आहेत. त्यांना वाटते, आता आपण साहेबांना काय तोंड दाखवायचे? साहेबाला वाटते, गावाकडचा मित्र पैसेच मागणार. दोघेही एकमेकांना टाळतात. आणि एक कारण साधे आहे. नोंदवही कुणी ठेवलीच नाही. वसतिगृहाचे रजिस्टर वर्ष संपले की कपाटात जाते, कपाटातून रद्दीत जाते, आणि त्यासोबत आपला इतिहास जातो.

ओळखीचा उपयोग काय?

स्नेहसंमेलन म्हणजे जेवण, फोटो, जुन्या आठवणी आणि 'पुढच्या वर्षी नक्की भेटू' असे आपण समजतो. भेटायला हवेच. पण आम्ही वकिली करतो म्हणून दोन रोखठोक उदाहरणे देतो.

जात पडताळणीचे प्रकरण घ्या. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. आपला भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुन्या शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, महसुली नोंदी उर्दूत आहेत. मुलाला उर्दू येत नाही, बापाला अक्षर येत नाही. आजोबाची नोंद अमुक तालुक्याच्या अभिलेख कक्षात सापडते, अमुक माणूस ती वाचून भाषांतर करून देतो, ही माहिती शासनाच्या परिपत्रकात नसते. आधी त्या वाटेने गेलेल्या माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस तुमच्या ओळखीचा असेल तर काम आठ दिवसांत मार्गी लागते, नसेल तर वर्ष वाया जाते.

दुसरे उदाहरण वसतिगृहाचे. ज्याला शासकीय वसतिगृह मिळाले नाही त्याच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण, निवास, निर्वाह यासाठी रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होते आणि ती शहरानुसार कमी-अधिक असते. योजना चांगली आहे. पण हप्ता उशिरा आला तर खोलीचे भाडे थांबत नाही, मेसवाला थांबत नाही. अशा दोन-तीन महिन्यांत पोरगा बॅग उचलून गावी येतो आणि परत जात नाही. तेव्हा लागतात पाच-सात हजार रुपये उसने आणि 'थांब, जाऊ नको' असे म्हणणारा एक माणूस. नवल भथेना यापेक्षा वेगळे काय होते?

आणि वरची पायरीही आहे. २००३ पासून राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या आधारे आपली मुले परदेशी विद्यापीठांत गेली आहेत. गेलेल्या मुलाने आपला अर्ज, आपले निवेदन, आपल्या चुका मागच्याला दाखवल्या तर नेकनूरची मुलगी तिथवर जाणे अवघड नाही. मुंबई-पुण्यातल्या महागड्या शाळेचा मुलगा हेच करतो. त्याच्या मागे त्याची शाळा उभी असते.

करायचे काय?

आम्ही काही मोठी योजना मांडत नाही. प्रत्येक वसतिगृहाच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक नोंदवही सुरू करावी. नाव, गाव, वसतिगृहात राहिल्याची वर्षे, सध्याचे काम आणि 'मी कोणती मदत करू शकतो' हा एक रकाना. कुणी रक्त देऊ शकेल, कुणी खोली, कुणी गणित शिकवील, कुणी फक्त उर्दू वाचून देईल. उसाच्या फडातल्या मित्राचे नावही त्याच मानाने लिहावे. कोणत्या कारखान्यावर आपली किती लेकरे शाळा सोडून गेली आहेत, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? आणि ज्याला आपले नाव उघड करायचे नसेल त्याच्या संमतीशिवाय यादी कुणालाही देऊ नये. ज्याची भीती खरी आहे, त्याला आपल्याच माणसांनी उघडे पाडू नये.

पैसा गोळा करायचा असेल तर मात्र कायद्याने वागा. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सभासद लागतात. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदणी होते आणि ती धर्मादाय आयुक्त कार्यालयात करावी लागते. पदाधिकारी बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्या. दरवर्षी हिशेब तपासून घ्या. हे जमत नसेल तर पैसा गोळा करू नका, नुसती नोंदवही ठेवा. आपल्या कितीतरी चांगल्या संस्था चळवळीच्या शत्रूंनी बुडवल्या नाहीत, बदल अर्ज न दिल्याने आणि अध्यक्षपदाच्या भांडणाने कोर्टात गेल्या. महाविद्यालयांनीही यात मागे राहू नये. नॅक मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत. निदान त्या गुणांसाठी तरी जुनी रजिस्टरे रद्दीत जाऊ देऊ नका.

आणि अध्यक्ष कोण, हा प्रश्न पहिल्या बैठकीत काढूच नका. पहिल्या बैठकीत एवढेच विचारा : आपल्यापैकी कोण कोण गेले? त्यांच्या घरी कोण आहे? त्यांची मुले काय शिकतात?

आम्ही सुरुवात केली आहे. डायरीतल्या सव्वीस नावांपैकी आजपर्यंत चौदा जण सापडले. एक परराज्यात बँकेत आहे, एक गावी शेतमजुरी करतो, एक तालुक्याला शिक्षक आहे. आम्हाला ज्याचा शेवटचा निरोपही घेता आला नाही, त्या मित्राचा मुलगा यंदा दहावीला आहे. त्याच्या पुढच्या शिक्षणाची जबाबदारी चौदा जणांनी वाटून घेतली आहे. मदत करतो आहोत, असे आम्ही म्हणणार नाही. सायकलीचे पैसे परत करतो आहोत.

नेकनूरची ती मुलगी आता शासकीय वसतिगृहात राहते. दिवाळीच्या सुट्टीत ती भेटायला आली, तेव्हा तिने स्वतःहून सांगितले की खोलीतल्या चौघींची नावे, गावे आणि आईबापांचे नंबर तिने एका वहीत लिहून ठेवले आहेत. मुकादम बदलला की आईचा फोन बदलतो, म्हणून गावातल्या मावशीचाही नंबर तिने घेतला आहे. जे आम्हाला पंचवीस वर्षांत सुचले नाही, ते तिला पहिल्याच सहामाहीत सुचले.

समाजबांधवांनो, तुमच्या वसतिगृहाची नोंदवही कुणाकडे आहे? कुणाकडेच नसेल तर आज रात्री जुनी डायरी काढा आणि एक तरी फोन लावा. उशीर झाला की पलीकडून वहिनी बोलतात.

जयभीम!